लेबलवरची १३ वर्षं

मामेभावाचा फोन आला तेव्हा बाटली त्याच्या घरी येऊन पोचली होती. ३ मार्च २०२५, सोमवार संध्याकाळ. एडिनबरातल्या त्याच्या ऑफिसातल्या विभागप्रमुख बाई महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या. ११ जणांनी वर्गणी काढून ९० पौंड जमवले आणि भेट आणण्याचं काम याच्या गळ्यात पडलं. बाईंना शेरीत, म्हणजे आधी शेरी ही स्पॅनिश वाइन भरलेल्या पिंपात, मुरलेली व्हिस्की आवडते, गडद, मनुका-अक्रोडाच्या वासाची, एवढं त्याला ठाऊक होतं. त्याने एका ऑनलाइन दुकानातून स्वतंत्र बॉटलरची, म्हणजे दुसऱ्याने गाळलेली व्हिस्की घेऊन आपल्या नावाने बाटलीत भरणाऱ्या कंपनीची, लिंकवुड व्हिस्की मागवली. १३ वर्षांची, ५५.८ टक्के अल्कोहोल, ८८ पौंड. दुकानाच्या वर्णनात लिहिलं होतं की ही व्हिस्की १३ वर्षं फर्स्ट फिल ओलोरोसो शेरी बटमध्ये मुरली आहे, म्हणजे आधी ओलोरोसो ही गडद शेरी भरलेल्या आणि व्हिस्कीसाठी पहिल्यांदाच वापरलेल्या मोठ्या पिंपात.

"ताई, लेबलचे फोटो पाठवलेत, एकदा बघ ना. लोकांचे पैसे आहेत," तो म्हणाला.

मी ग्लासगोत राहते आणि प्यायलेल्या प्रत्येक व्हिस्कीची नोंद वहीत करून ठेवते. घरच्यांना हे माहीत असल्यामुळे असे फोटो मला अधूनमधून येतात. फोटो बघून बाटली चांगली की वाईट हे सांगता येत नाही. पण दुकान काय म्हणतंय आणि बाटली काय म्हणतेय, हे ताडून पाहता येतं. ते काम मला मनापासून आवडतं, म्हणून हे सगळं प्रकरण इथे सविस्तर मांडते.

लेबल काय सांगत होतं

लिंकवुड, स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत बनलेली. गाळली सप्टेंबर २०११, बाटलीत भरली नोव्हेंबर २०२४. फर्स्ट फिल ओलोरोसो हॉग्सहेड. कास्कचा, म्हणजे पिंपाचा, लांबलचक क्रमांक, शेवटचे दोन आकडे १७. एकूण बाटल्या २६८. वरून रंग घातलेला नाही, चिल फिल्टर, म्हणजे थंड करून गाळणीतून काढलेली, नाही.

दुकान बट म्हणत होतं, लेबल हॉग्सहेड. भावाच्या नजरेतून हे सुटलं होतं, आणि त्यात नवल नाही. दोन्ही पिंपांचीच नावं. पण फरक मोठा आहे. बट साधारण ५०० लिटरचं असतं, हॉग्सहेड साधारण २५० लिटरचं. स्कॉटलंडमधली बहुतेक हॉग्सहेड बुर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या २०० लिटरच्या बॅरल सुट्या करून, त्यात जास्तीच्या फळ्या घालून आणि नवी झाकणं बसवून बांधलेली असतात. शेरीसाठी स्पेनमध्ये वापरून आणलेली हॉग्सहेडही मिळतात, त्यामुळे 'शेरी हॉग्सहेड' हे शब्द अशक्य कोटीतले नाहीत. मात्र ते दिसले की मी थांबते आणि पुढचं वाचते.

दोघांत बरोबर कोण, हे बाटल्यांच्या आकड्यावरून कळतं. स्कॉटलंडच्या थंड, दमट गोदामांत कास्कमधला साधारण २ टक्के माल दरवर्षी उडून जातो असं धरतात. त्यालाच तिथे देवदूतांचा वाटा म्हणतात. ५०० लिटरचं बट १३ वर्षं ठेवलं, तर सुमारे ३८४ लिटर उरेल. ०.७ लिटरच्या बाटल्या भरल्या तर जवळजवळ ५५०. हॉग्सहेडचा हिशेब केला तर २५० चे १९२ लिटर उरतात, म्हणजे २७४ बाटल्या. आपल्या बाटलीवर आकडा २६८. व्हिस्की पूर्ण ताकदीची आहे, म्हणजे पाणी घालून बाटल्या वाढवलेल्या नाहीत, त्यामुळे हा हिशेब सरळ लागतो.

बटमधून २६८ बाटल्या निघूच शकत नाहीत असं नाही. कधी दोन खरेदीदार एक कास्क वाटून घेतात, कधी गळती होते. पण लेबल स्वतःच हॉग्सहेड म्हणत असताना आणि आकडा हॉग्सहेडशी इतका जुळत असताना ओढूनताणून कारणं शोधायची गरज नव्हती. दुकानाने लिहिताना चूक केली होती. मला वाटलं विषय संपला. बट काय, हॉग्सहेड काय, शेरीत १३ वर्षं तर मुरली आहे ना!

मग १७ या आकड्याने मला वहीकडे नेलं.

भावंडं

याच बॉटलरची एक लिंकवुड मी २०२२ साली प्यायले होते. वहीत नोंद होती: गाळली सप्टेंबर २०११, रीफिल (व्हिस्कीसाठी आधीही वापरलेलं) हॉग्सहेड, रंग वाळक्या गवतासारखा, हिरवं सफरचंद, पांढरी फुलं, थोडी पेन्सिलची साल. कास्कचा क्रमांकही मी उतरवून ठेवला होता. पुढचे सगळे आकडे तेच, शेवटचे दोन १४. लिलावाच्या जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा त्याच बॉटलरचा १५ क्रमांकही सापडला. तोही रीफिल हॉग्सहेड, तोही फिक्या रंगाचा.

आता स्वतंत्र बॉटलर माल कसा घेतो, ते सांगायला हवं. लिंकवुड ही एल्गिनजवळची १८२१ सालची डिस्टिलरी, आज डियाजिओ या मद्यकंपनीच्या मालकीची. तिचं बहुतेक स्पिरिट, म्हणजे गाळलेलं मद्य, ब्लेंडेड (अनेक डिस्टिलरींच्या मिश्रणाच्या) व्हिस्कीत जातं. मालकांची स्वतःची नेहमी मिळणारी बाटली म्हणजे 'फ्लोरा अँड फॉना' मालिकेतली १२ वर्षांची, ४३ टक्क्यांची. ब्लेंडसाठी कंपन्या आणि दलाल एकमेकांत कास्कची देवघेव करतात, आणि त्या व्यवहारांतून काही कास्क स्वतंत्र बॉटलरांच्या हाती लागतात. लिंकवुड, बेनरिनेस, मॅनोकमोर यांसारख्या डिस्टिलरींची खरी ओळख माझ्यासारख्या पिणाऱ्यांना झाली ती या बॉटलरांमुळे. हे ऋण मी विसरत नाही. पुढे जी तक्रार येणार आहे तीही या लोकांबद्दलच्या प्रेमापोटीच आहे.

दलालाकडून कास्क सहसा गठ्ठ्याने येतात. एकाच दिवशी गाळलेलं स्पिरिट, एका रांगेतले क्रमांक, बहुतेक वेळा एकाच जातीची पिंपं. ब्लेंडसाठी माल भरणारा माणूस १६ रीफिल हॉग्सहेड भरून सतरावं अचानक महागडं फर्स्ट फिल ओलोरोसो का लावेल? लावूही शकतो, एका दिवसात वेगवेगळी पिंपं भरली जातात. पण १४ आणि १५ फिकट, साधी, आणि १७ एकदम तपकिरी, हे पाहिल्यावर मला दुसरीच शक्यता जास्त वाटू लागली. १७ क्रमांकही आपल्या भावंडांसारखाच रीफिल हॉग्सहेडमध्ये वाढला असेल आणि बॉटलरने शेवटच्या काळात तो शेरीच्या कास्कमध्ये ओतला असेल. याला री-रॅकिंग म्हणतात. असं केल्यावर लेबलवर 'फिनिश' लिहिण्याची पद्धत आहे, पण या लेबलवर तो शब्द नव्हता.

सगळे स्वतंत्र बॉटलर असे चालत नाहीत. एल्गिनची गॉर्डन अँड मॅकफेल ही १८९५ सालची पेढी पिढ्यान्‌पिढ्या आपली कास्क डिस्टिलरीत पाठवून त्यात नवं स्पिरिट भरून घेत आली. त्यांच्या शेरी कास्कमध्ये व्हिस्की पहिल्या दिवसापासून शेरीतच असे. २०२१ साली त्यांनी ८० वर्षांची ग्लेनलिवेट काढली. ती १९४० साली भरलेली होती. आता मात्र २०२४ पासून त्यांनी इतर डिस्टिलरींचं नवं स्पिरिट भरणं थांबवलं आहे. तयार कास्क विकत घेणाऱ्याकडे हा पर्याय नसतो. त्याला जे मिळालं त्यात जीव भरायचा असतो, आणि दहा वर्षं थकलेल्या लाकडात पडलेल्या स्पिरिटला रंगरूप द्यायचा सोपा मार्ग म्हणजे शेरीचं ताजं पिंप.

शेरीचं पिंप येतं कुठून

इथे थोडं विषयांतर करते, कारण 'शेरी कास्क' या दोन शब्दांच्या अर्थावरच या खरेदीचा डोलारा उभा होता.

शेरी दक्षिण स्पेनमधल्या हेरेस, सानलुकार आणि एल पुएर्तो या गावांच्या परिसरात तयार होते. तिथल्या सोलेरात, म्हणजे थरांवर थर रचलेल्या पिंपांत, वाइन वर्षानुवर्षं मुरते. ती पिंपं फार जुनी असतात, लाकडातला रस कधीच संपलेला असतो आणि बोदेगावाले, म्हणजे शेरीची कोठारं चालवणारे, ती सहजासहजी सोडत नाहीत. जुन्या काळी व्हिस्कीवाल्यांना मिळायची ती वाहतुकीची पिंपं. शेरी पिंपांतूनच ब्रिटनच्या बंदरांत यायची, तिथे बाटल्यांत भरली जायची, आणि रिकामं पिंप परत पाठवण्यापेक्षा व्हिस्कीवाल्याला विकणं परवडायचं. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करायचा नियम झाला आणि हा झरा आटला.

आजचं शेरी कास्क मुद्दाम तयार केलेलं असतं. नवं ओक पिंप घ्यायचं, त्यात शेरी भरायची, वर्ष-दोन वर्षं ठेवायची, मग शेरी काढून पिंप स्कॉटलंडला धाडायचं. ही शेरी सहसा पिण्यासाठी विकत नाहीत, ती व्हिनेगर किंवा ब्रँडीकडे वळते. २०१५ पासून शेरीच्या नियामक परिषदेने अशा पिंपांसाठी प्रमाणपत्र सुरू केलं, त्यात किमान एक वर्ष शेरी भरून ठेवण्याची अट आहे. म्हणजे आज आपण 'शेरीची चव' म्हणतो त्यातला मोठा वाटा ताज्या, शेरीने भिजवलेल्या ओकचा असतो. युरोपीय ओक असेल तर तुरटपणा, लवंग, अक्रोड, सुकं अंजीर. अमेरिकन ओक असेल तर व्हॅनिला आणि खोबऱ्याच्या अंगाने जाणारा गोडवा. अशा पिंपांना पैसा लागतो. बुर्बनच्या वापरलेल्या बॅरल तुलनेने स्वस्त आणि मुबलक, कारण अमेरिकेत बुर्बनसाठी दरवेळी नवं जाळलेलं ओक पिंप वापरावं लागतं आणि जुनं विकावंच लागतं.

या ताज्या पिंपाचा एक गुण खरेदीदाराला फसवू शकतो. रंग पहिल्या महिन्यांतच भरभर उतरतो. दोन वर्षांत व्हिस्की इतकी गडद होऊ शकते की बघणाऱ्याला ती वीस वर्षांची वाटावी. त्यामुळे 'रंग घातलेला नाही' हे वाक्य खरं असूनही रंगावरून काळ मोजता येत नाही. भावाने मला फोनवर पहिल्यांदा काय सांगितलं असेल? "रंग बघ ताई, कसला सुंदर आहे!" सुंदर होताच.

विचारलं

तर्क करत बसण्यापेक्षा विचारणं बरं. मी बॉटलरला मेल लिहिला. तीनच प्रश्न होते. स्पिरिट पहिल्या दिवशी कोणत्या कास्कमध्ये भरलं होतं? ओलोरोसो हॉग्सहेडमध्ये ते कधी गेलं? ते हॉग्सहेड कोणत्या ओकचं?

दोन दिवसांत उत्तर आलं, आणि उत्तर मोकळं होतं. स्पिरिट ११ वर्षं रीफिल हॉग्सहेडमध्ये होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये ते युरोपीय ओकच्या, हेरेसमध्ये ओलोरोसो भरून तयार केलेल्या हॉग्सहेडमध्ये ओतलं. तिथे २६ महिने राहून ते बाटलीत आलं. ही माहिती लेबलवर का नाही, असं मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी लिहिलं की शेवटचं कास्कच लेबलवर द्यायची त्यांची रीत आहे.

कायद्याने यात वावगं काही नाही. २००९ चे स्कॉच व्हिस्की नियम बऱ्याच गोष्टी पक्क्या करतात. किमान ३ वर्षं ओकमध्ये, पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं नको, किमान ४० टक्के, रंगासाठी साध्या कॅरॅमलशिवाय काही नको, सिंगल माल्ट स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद झालेली हवी, आणि लेबलवर वय लिहिलं तर ते सर्वांत तरुण थेंबाचं. आपल्या बाटलीवरची १३ वर्षं या अर्थाने अगदी खरी आहेत. कोणत्या पिंपात किती महिने गेले ते छापण्याची सक्ती मात्र हे नियम करत नाहीत. ११ आणि २ ही फोड सांगणं बॉटलरच्या मर्जीवर आहे.

माझं मत असं की ती मर्जी इथे ग्राहकाच्या बाजूने वापरायला हवी होती. री-रॅकिंगमध्ये लाज वाटण्यासारखं काहीच नाही. दमलेल्या लाकडात अडकलेल्या चांगल्या स्पिरिटला दुसरा जन्म देणं ही कारागिरी आहे, आणि काही बॉटलर दोन्ही पिंपांची नावं आणि तारखा अभिमानाने छापतात. मग घेणाऱ्याला कळतं की तो काय घेतोय. इथे लेबलने अर्धं सांगितलं, दुकानाने उरलेलं अर्धं कल्पनेने भरलं, आणि हॉग्सहेडचं बट झालं, २६ महिन्यांची १३ वर्षं झाली. भावाने ८८ पौंड मोजले ते त्या १३ वर्षांसाठी.

चवीचा प्रश्न

भेटीची बाटली फोडता येत नव्हती. पण ग्लासगोतल्या एका बारमध्ये तीच बाटली उघडी असल्याचं कळलं. शनिवारी भाऊ गाडीने आला आणि आम्ही २५ मिलीचं एकेक माप घेतलं, एकाला साडेनऊ पौंड. त्याआधी घरी मी माझी एक बाटली टेबलावर ठेवली होती. वेगळ्या बॉटलरची बेनरिनेस, १२ वर्षं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत रीफिल शेरी बटमध्ये, पाणी घालून ४६ टक्क्यांवर आणलेली, ६९४ बाटल्यांपैकी एक, किंमत ६७ पौंड. रंग उसाच्या रसाहून थोडा गडद, इतकाच. भावाने ग्लास उजेडात धरला आणि त्याचा चेहरा पडला.

बेनरिनेसमध्ये स्पिरिटची वाफ अजून वर्म टबमध्ये थंड होते, म्हणजे थंड पाण्याच्या हौदातल्या वेटोळ्या नळीतून जाते. तिथे तांब्याशी संबंध कमी येतो आणि स्पिरिट जड, मांसल उतरतं. शेरीच्या लाकडाने हा जडपणा १२ वर्षं सावकाश शोषला होता. संत्र्याची वाळलेली साल, अक्रोड, चामड्याचा पट्टा, शेवटी मिठाचा भास. शेरी कुठे सुरू होते आणि व्हिस्की कुठे संपते, ते मला दाखवता आलं नाही. भाऊ म्हणाला, "छान आहे, पण ही शेरी वाटत नाही."

बारमधली लिंकवुड पहिल्या वासालाच अंगावर आली. काळ्या मनुका, खजूर, जायफळ, डार्क चॉकलेट. पहिला घोट जाड, गोड, आणि ५५.८ टक्के असूनही घशाला न बोचणारा. भाऊ खुलला. मलाही ती आवडली, हे इथे स्पष्ट लिहिते. मग मी चमचाभर पाणी घातलं आणि दहा मिनिटं थांबले. शेरीचा पडदा थोडा सरकला आणि मागे १४ क्रमांकाचं ते हिरवं सफरचंद, ती पांढरी फुलं जशीच्या तशी उभी होती. लिंकवुडचं हलकं स्पिरिट आणि दोन वर्षांचं जड लाकूड, दोघं एकाच ग्लासात असूनही शेजार झाला नव्हता. मागून कोरडा, चहा जास्त उकळल्यासारखा तुरटपणा आला. आणि अगदी शेवटी काडेपेटीची काडी नुकतीच ओढल्यासारखा वास.

त्या वासाबद्दल दोन ओळी. रिकामं पिंप खराब होऊ नये म्हणून त्यात गंधक जाळतात, आणि त्याचा अंश लाकडात राहिला तर व्हिस्कीत असा वास उतरतो. जड स्पिरिटात गंधकाचे वास मुळातूनही असतात, बेनरिनेसमध्ये ते आहेतच. लिंकवुडचं स्पिरिट स्वच्छ, आणि वहीतल्या १४ क्रमांकाच्या नोंदीत तसा काही वास नव्हता, म्हणून इथे तो पिंपातूनच आला असणार. काही जणांना हा वास येतच नाही, काहींना आवडतो, काहींना पूर्ण ग्लास नासवल्यासारखा वाटतो. भावाला तो आलाच नाही. मी त्याच्यावर लादला नाही.

पैसे आणि दिवस

सोमवारी १७ तारखेला मुदत संपणार होती. ब्रिटनमध्ये दुकानात न जाता, ऑनलाइन घेतलेल्या वस्तूचा करार माल हाती आल्यापासून १४ दिवसांत रद्द करता येतो, कारण न सांगता. २०१३ चे नियम आहेत. बाटली न फोडलेली असणं आमच्या फायद्याचं होतं. शिवाय २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार वस्तू वर्णनाशी जुळायला हवी, आणि इथे 'बट' हा शब्द बाटलीवरच्याच शब्दाने खोटा ठरत होता. परत करायची तर आमची बाजू पक्की होती.

भावाला प्रश्न पडला होता की ८८ पौंड जास्त झाले का. आम्ही कागदावर मांडलं. तेव्हा, म्हणजे १ फेब्रुवारी २०२५ पासून, ब्रिटनमध्ये स्पिरिटवर प्रत्येक लिटर शुद्ध अल्कोहोलमागे ३२.७९ पौंड कर होता. ०.७ लिटर, ५५.८ टक्के, म्हणजे ०.३९ लिटर अल्कोहोल, कर १२.८१ पौंड. ८८ मधला २० टक्के व्हॅट १४.६७ पौंड. सरकारकडे साडेसत्तावीस गेले, उरलेल्या साठ पौंडांत दलाल, १३ वर्षांचं गोदामभाडं, दोन पिंपं, काच, बॉटलर आणि दुकान. त्यात जे आलं ते महाग म्हणता येत नव्हतं. पूर्ण १३ वर्षं फर्स्ट फिल शेरी बटमध्ये मुरलेली, पूर्ण ताकदीची बाटली ८८ पौंडांना मिळाली असती तर उलट मीच विचारलं असतं की एवढी स्वस्त कशी. खरं तर पहिल्या दिवशी हाच प्रश्न मी विचारायला हवा होता. मी आकडे मोजत बसले आणि किमतीकडे पाहिलंच नाही.

माझा सल्ला होता की ही परत कर आणि बेनरिनेस घे. २१ पौंड वाचतील, त्यात एखादं चांगलं पुस्तक येईल. भावाने शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, तू म्हणतेस ते पटतंय. पण बाई पाणी घालत नाहीत. जेवणानंतर छोटा ग्लास घेतात, आणि त्यांना पहिल्या वासालाच शेरी हवी असते. तुझी बाटली त्यांना समजावून सांगावी लागेल. भेट समजावून सांगायची का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं शोधत होतो. चांगली मुरलेली व्हिस्की कोणती, हा माझा प्रश्न होता. या एका बाईंना कोणता ग्लास आवडेल, हा त्याचा. पैसे त्याच्या प्रश्नासाठी गोळा झाले होते.

त्याने बाटली ठेवली. पण दोन गोष्टी केल्या, आणि त्या मी न सांगता केल्या. दुकानाला लिहून कळवलं की वर्णन लेबलशी जुळत नाही, सोबत बॉटलरचं उत्तर जोडलं. आणि भेटकार्डावर, जिथे आधी 'शेरीत १३ वर्षं' असं लिहायचं ठरलं होतं, तिथे त्याने लिहिलं: ११ वर्षं साध्या ओकमध्ये, शेवटची २ ओलोरोसोमध्ये. ऑफिसातल्या एकाने विचारलं की हे कशाला, ऐकायला कमी भारी वाटतं. त्याने सांगितलं की बाईंनी चौकशी केली तर आपलं कार्ड बरोबर निघायला हवं.

बाईंनी कार्ड वाचलं आणि विचारलंच, शेवटची दोन वर्षं म्हणजे युरोपीय ओक की अमेरिकन? भावाला उत्तर येत होतं.

दुकानाने आठवड्याभराने क्षमा मागितली, दहा पौंड परत केले आणि वर्णन सुधारलं. मी मुद्दाम जाऊन पाहिलं. 'बट'च्या जागी आता 'हॉग्सहेड' आहे. त्याच्या मागची १३ वर्षं होती तिथेच आहेत.